मेथीचा वास

"लाडू लागले बगा वैनी तुमचे. पोराच्या लंगोटालासुद्दा मेथीचा वास मारायलाय."

बाळाला न्हाऊ घालायला येणारी मावशी मोरीतून आईला सांगत होती. मी पडद्याच्या अलीकडे, ताईच्या खाटेवर बसले होते आणि माझ्या तोंडात अर्धा लाडू होता. मेथीचाच. ताईने माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे बघितलं आणि मी चावायची थांबले.

बाहेर आई खूश झाली होती. "लागणार की. आठ दिवस तुपात पीठ भिजवून ठेवलंय मेथीचं. रोज सकाळी दोन खाते ती. एक दिवस चुकवत नाही."

"चांगलं हाय की मग. आमची सून तर तोंड वाकडं करती बगा."

"आमची नाही करत," आई म्हणाली.

ताईने मला पायाने ढोसलं. गिळ, असं ती नुसत्या ओठांनी म्हणाली. मी गिळला.

ते लाडू ताईच्या नावाचे होते आणि जात होते माझ्या पोटात. ताईला मेथी लहानपणापासून सोसत नाही. भाजीला नुसती फोडणी पडली तरी ती अंगणात जाऊन उभी राहायची. पण पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आईने महिनाभर आधीपासून मेथी, डिंक, खारीक, गोडंबी जमवून ठेवलेली. लाडवांचे स्टीलचे दोन उंच डबे भरून कपाटावर ठेवताना आईचा चेहरा असा होता की नको म्हणायची हिंमत ताईला झाली नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी आईने बशीत दोन लाडू आणि कपभर दूध आणून दिलं. आई वळताच ताईने बशी माझ्याकडे सरकवली. "खा गं. तुझ्या पाया पडते. तिला कळू देऊ नकोस."

मला कडू आवडतं. शिवाय मला गुपितं सांभाळायला आवडतात, कारण त्यासाठी काही बोलावं लागत नाही.

मी घरातली न बोलणारी. ताई मराठी शाळेत शिकली. तोवर बाबांचं सोलापूरच्या भवानी पेठेतलं टॉवेलांचं दुकान जरा सावरलं होतं, म्हणून मला इंग्लिश मिडियमला घातलं. त्याचा परिणाम असा झाला की शाळेत मी घरच्या मराठीमुळे गप्प राहायची आणि घरी शाळेतल्या इंग्रजीमुळे. पाहुणे आले की बाबा म्हणायचे, "बोल की गं इंग्रजीत," आणि मी आत पळायची. कॉलेजात गेल्यावरही तेच. त्या दिवसांत माझ्या बाकावरची मैत्रीण एकदा नाक उडवून म्हणाली, "तू आजकाल काय लावतेस अंगाला? भाजीवालीसारखा वास येतो." मी दुपट्टा सावरला आणि बाकाच्या टोकाला सरकले. घामाला मेथीचा वास येतो हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन लाडू खाल्ले.

मावशीचं ते वाक्य मी ऐकलं तेव्हा बाळ आठ दिवसांचं होतं. पहिले चार-पाच दिवस ते पोटभर प्यायचं आणि भोकाड पसरायचं. मग ते झोपू लागलं. आई म्हणाली, शांत बाळ आहे, मावशीवर गेलंय. म्हणजे माझ्यावर. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. पण नवव्या दिवशी ताईने त्याला छातीशी धरलं की ते दोन घोट घेऊन तोंड सोडून द्यायचं. मान एका बाजूला टाकून पडायचं. रडलं तरी आवाज पातळ यायचा, दार करकरल्यासारखा.

त्या दुपारी मी लंगोट घड्या घालत होते. घरात दुकानातले विणीत चुकलेले टॉवेल खूप, त्यातलेच मऊ झालेले आई बाळाखाली घालायची. एक ओला टॉवेल उचलताना मला वास आला. मावशी म्हणाली तसाच, मेथीचा. थोडा जळलेल्या साखरेसारखाही, पाक करताना लक्ष नसलं की येतो तसा. मी तो टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. कारण हिशेब जुळत नव्हता. मेथी खात होते मी. वास माझ्या कपड्यांना येत होता. ताईच्या अंगाला तो नव्हताच. ती शेजारी झोपली होती, मी तिच्या खांद्याशी वाकून हुंगलंसुद्धा.

"काय करतेस गं?" ती डोळे न उघडता म्हणाली.

"काही नाही."

मग बाळाला हा वास कुठून आला?

हे मी आईला तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आईला सांगायचं म्हणजे लाडवांचं सांगायचं, आणि आई त्या दिवशी बारशाच्या याद्या करत होती. मी एक रात्र आणि एक सकाळ गप्प बसले. त्या वेळेचा विचार अजूनही मनात आला की मी तो बाजूला सारते.

दहाव्या दिवशी बाळाने दूध घेतलंच नाही. बाबा रिक्षा घेऊन आले आणि आम्ही लहान मुलांच्या दवाखान्यात गेलो. ताई, आई, बाबा आणि मी. मला कशाला नेलं ते आठवत नाही, बहुतेक पिशवी धरायला.

डॉक्टर मॅडम वयाने आईएवढ्या, केस बारीक कापलेले. त्यांनी बाळाचे हातपाय हलवून बघितले, टाळू बघितली, आणि मग एक गोष्ट केली जी मी कुठल्या डॉक्टरला करताना पाहिली नव्हती. त्यांनी बाळाखालचा ओला टॉवेल उचलला आणि सरळ नाकाशी नेला.

"लग्न नात्यातलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. "माझ्या सख्ख्या बहिणीच्याच घरी दिलीय."

"आणि तुम्ही मेथी खाता?" हे त्यांनी ताईला विचारलं.

ताई खाली बघू लागली. उत्तर आईने दिलं. "खाते की. रोज दोन लाडू. मी स्वतः देते."

मॅडमनी टॉवेल खाली ठेवला. त्यांचे खांदे थोडे सैल झाल्यासारखे मला वाटले. "मग वासाचं समजतं. आईने मेथी खाल्ली की दुधातून बाळाच्या लघवीला असा वास येऊ शकतो. मी पाहिलंय. कावीळ किती आहे बघू, जंतुसंसर्ग आहे का ते बघू." आणि त्या कागदावर लिहू लागल्या.

ताई अजूनही खालीच बघत होती. तिच्या मांडीवर तिची बोटं एकमेकांत अडकली होती. मला कळत होतं की ती बोलणार नाही. ती दहा दिवसांची बाळंतीण होती, दोन रात्री झोपलेली नव्हती, आणि तिची आई तिच्या शेजारी अभिमानाने बसली होती.

तेव्हा मी बोलले. पण इंग्रजीत. ज्या इंग्रजीला मी आयुष्यभर पाहुण्यांपासून लपवत आले, तिच्याच मागे मी त्या दिवशी लपले. मी म्हणाले की माझ्या बहिणीने मेथीचा एक दाणाही खाल्लेला नाही. सगळं मी खाते. हवं तर माझ्या अंगाचा वास बघा, तिच्या अंगाला नाही. लाडू हा शब्द मी मुद्दाम टाळला, कारण तेवढा आईला कळला असता. मेथीला इंग्रजीत काय म्हणतात तेही नेमकं त्या क्षणी आठवलं. एरवी आठवलं नसतं.

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि इंग्रजीतच विचारलं, नक्की? मी मान हलवली.

"काय म्हणाली ही?" आईने विचारलं.

"लघवी तपासूया आधी, म्हणाली," मॅडम म्हणाल्या आणि लिहिलेल्या कागदावर वर काहीतरी नवीन लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

दहा दिवसांच्या बाळाची लघवी मिळवणं सोपं नसतं. सिस्टरने एक छोटी चिकट पिशवी लावली आणि आम्ही सगळे त्या पिशवीकडे बघत बसलो. बाबा बेसिनचा नळ बारीक सोडून उभे राहिले. आई बाळाच्या कानाशी श्शू श्शू करत होती. बाळ झोपेत. अर्ध्या तासाने पिशवी एका बाजूने सुटली आणि नेमक्या त्याच वेळी जे व्हायचं ते झालं, सिस्टरच्या बाहीवर.

"घ्या," सिस्टर म्हणाली. "सोलापुरात एवढा दुष्काळ, आणि ह्यानं माझ्यावर पाणी सोडलं."

आई हसली. त्या दिवशीचं ते एकुलतं एक हसणं. दुसऱ्या पिशवीला यश आलं.

मॅडमकडे एक जुनी, साधी चाचणी होती. काचेच्या नळीत बाळाची थोडी लघवी घेतली आणि त्यात पिवळ्या रंगाचं औषध थेंबथेंब टाकलं. त्यांनी मला बोलावून दाखवलं, कदाचित मीच बोलले होते म्हणून. शाळेत आम्ही चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचो आणि ती बघता बघता पांढरी व्हायची. तसंच झालं. नितळ द्रव गढूळ झाला आणि त्यात पिवळसर कण तरंगू लागले, नासलेल्या दुधासारखे.

"मेथीने असं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "हे वेगळं आहे." मग आवाज उतरवून इंग्रजीत म्हणाल्या, बरं झालं तू सांगितलंस. घरीही सांग. मी हो म्हणाले.

तेवढ्या चाचणीवर त्या थांबल्या नाहीत. लघवीत भिजवलेला एक जाड कागदाचा तुकडा पंख्याखाली वाळवला, बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब दुसऱ्या कागदावर घेतले आणि दोन्ही कागद पाकिटात घालून मोठ्या शहरातल्या तपासणी केंद्राकडे कुरिअरने पाठवले. पत्रासारखं साधं पाकीट. त्यात आमचं सगळं जग होतं. मॅडमनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी बाळाला काचेच्या पेटीत ठेवून दूध बंद केलं आणि ग्लुकोजचं सलाईन सुरू केलं.

बाबांना आणि ताईला त्यांनी समोर बसवून समजावलं. दुधात, डाळीत जी प्रथिनं असतात, त्यांचे तीन भाग या बाळाचं शरीर पचवून बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साचतात, मेंदूला त्रास देतात आणि लघवीतून वास येतो. हा दोष जन्मतः असतो, आई आणि वडील दोघांकडून थोडा थोडा आलेला. दोघांना स्वतःला काहीच होत नाही. "आयुष्यभर पथ्य आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमचं बाळ वेळेत आलंय, आणि प्रकार त्यातल्या त्यात सौम्य दिसतोय. पथ्य सांभाळलं तर शाळेत जाईल, खेळेल, तुम्हाला उलटून बोलेल."

आई एका कोपऱ्यात उभी होती. तिने यातलं किती ऐकलं कुणास ठाऊक. तिच्या कानात मॅडमचं पहिलंच वाक्य बसलं होतं, मेथीने असा वास येतो ते. त्याच दिवसापासून तिने लाडू बंद केले.

तिसऱ्या दिवशी बाळ रडलं. काचेपलीकडून आवाज नीट येत नव्हता, पण तोंड एवढं मोठं उघडलं होतं की ताई काचेला हात लावून तिथेच खाली बसली. आठवड्याने उत्तर आलं. मॅडमचा अंदाज बरोबर होता. तोवर खास पावडरचं दूध मागवून झालं होतं. त्यात ते तीन भाग नसतात. त्याच्या जोडीला ताईचं दूध मोजून द्यायचं, मिलिलिटरमध्ये, एक थेंबही जास्त नाही. आणि दर आठवड्याला लघवी तपासायची. लंगोटाचा वास गेला. बाळ मला बघून पाय झाडू लागलं.

आज तो पाच वर्षांचा आहे. उजनी धरणाच्या पाण्याकाठी ताईच्या सासरची केळीची बाग आहे, तिथल्या बालवाडीत जातो. डब्यात साबुदाणा, केळं, मोजलेला भात. घरी काटा आहे आणि तो स्वतः त्यावर वाटी ठेवून आकडा वाचून दाखवतो. लघवीची बाटली तो बक्षिसासारखी दोन्ही हातांत धरून आणतो. "मावशी, बघ, वास न्हाय." मी हुंगते आणि म्हणते, न्हाय. तो मला रोज फोनवर उलटून बोलतो.

पण ही सगळी वर्षं एका सकाळवर उभी आहेत.

सव्वा महिना झाला आणि आत्या ताईला न्यायला आली. आत्या म्हणजे बाबांची बहीण आणि ताईची सासू. सोबत भाऊजी, जीप आणि केळीचा एक अख्खा घड. आत्या मोठ्याने बोलते, मोठ्याने हसते आणि आल्या आल्या घरातल्या सगळ्यांना कामाला लावते. बाळाला तिने उचललं, उलटंपालटं केलं, मानेत नाक खुपसलं.

"वास कुटाय? मला तर काय येईना. तालीम करून आल्यागत दिसतोय की पैलवान!"

भाऊजी पावडरचे डबे जीपमध्ये ठेवायला उचलत होते. आत्याने त्यांना थांबवलं.

"ही डबडी कशाला रं?"

"डॉक्टरनी सांगितलंय, आई."

"डॉक्टर सांगतीलच. पोराला आईचं दूध तोडून डब्यातलं पाजायचं व्हय? लाडू बंद झालं, वास गेला. पोरगं ठणठणीत झालं. येवडं सोप्पं हाय."

"आत्या, तो दोष दोघांकडून..." ताईने सुरुवात केली.

"कसला दोष? माझ्या भावाची पोर, माझं पोर. दोनी घरचं रक्त एकच हाय. दोष यील कुटनं?" मग ती आईकडे वळली. आवाज खाली आणला, पण टोचायचं ते टोचलंच. "वयनी, राग मानू नगा. पन मेथी लई घातली तुमी. कवळं पोर ते, कसं सोसंल त्याला?"

आई, जी आत्याच्या एका वाक्याला दोन वाक्यं परत करते, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग म्हणाली, "माझंच चुकलं, वन्सं. मलाच हौस."

तेव्हा मला दिसलं की ती गेला महिनाभर हेच मनात घेऊन फिरत होती. कपाटावरचे दोन्ही डबे तिने घासून पालथे घालून ठेवले होते आणि त्या महिन्यात एकदाही आमच्या घरात मेथीची भाजी झाली नव्हती. मला वाटलं होतं, ताईसाठी.

"झालं ते झालं," आत्या म्हणाली. "ठेव रं ती डबडी हितंच. आपल्याकडं म्हस हाय."

भाऊजींनी बाबांकडे बघितलं. बाबांनी बहिणीकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. आई सोडली तर आत्यापुढे कुणी बोलत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. भाऊजींनी एक डबा खाली ठेवला. मग दुसरा.

फरशीवर डबा टेकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मॅडमना फोन लावावा असं माझ्या मनात आलं. त्या सगळं नीट समजावतील. पण त्यांनी ते आधीच समजावलं होतं, दोनदा, कागदावर चित्र काढून. आणि तरीही या खोलीतल्या सगळ्यांना एक गोष्ट डोळ्यांनी दिसत होती. लाडू होते तेव्हा वास होता, लाडू थांबले आणि वास थांबला. याच्यापुढे चित्र टिकत नाही. ते खोटं आहे हे माहीत असणाऱ्या फक्त दोघी होत्या. त्यातली एक मी, जिने घरी सांगते म्हणून डॉक्टरना शब्द दिला होता आणि पाळला नव्हता.

मी ताईकडे बघितलं. तिला कळलं मी काय करणार आहे. तिने आधी आईकडे बघितलं, मग बाळाकडे. बाळ आत्याच्या हातात मूठ चोखत होतं. ताईने डोळे मिटले आणि मान हलवली, वरून खाली, एकदाच.

मी पुढे आले. इथे इंग्रजीचा काही उपयोग नव्हता. मी खाली ठेवलेला डबा उचलून भाऊजींच्या हातात दिला, आईकडे तोंड केलं, आणि आत्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"आई, तुझ्या मेथीने काही झालेलं नाही. ताईने एकही लाडू खाल्ला नाही. रोजचे दोन्ही मी खाल्ले."